सदर नोंद उपलब्ध नाही

देवीदास तायडे मंगळवारी सकाळी अकोल्यात दवाखान्यात वारला. त्याच्या बायकोचा, मीनाताईंचा, फोन मला साडेनऊला आला. मी अमरावतीहून बसने निघालो आणि एक वाजता त्यांच्या घरी पोचलो. अंत्यविधी बाराला झाला होता.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीतल्या गमतीजमती मागितल्या होत्या. अकोल्याहून परतल्यावर मी त्यांना फोन केला आणि लेख होणार नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, जे होईल ते लिहा. त्याला आता दीड महिना झाला. रोज थोडं लिहीत गेलो. गमतीजमती यात दोनच आहेत आणि त्या मी आधी सांगून टाकणार आहे.

मी मुळात ग्रंथालयशास्त्र शिकलेला माणूस. अमरावतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथालय सहायक होतो. तिथली पुस्तकं संगणकावर चढवता चढवता संगणकच गळ्यात पडला, आणि शेवटची बारा वर्षं मी गाडगेनगरातल्या एका छोट्या कंपनीत क्लाउडचं काम पाहिलं. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेले संगणक. ती इमारत आपण कधी पाहत नाही. आपल्या हातात असतं ते एक खातं. त्याला सबस्क्रिप्शन म्हणतात, मी इथे खातंच म्हणेन. शाळा, दवाखाने, दुकानदार आपापली खाती उघडतात आणि ती सांभाळायला आमच्यासारख्यांना देतात.

खात्यावर कोणी काय केलं याची नोंद आपोआप होत असते. साठवण उघडली, साठवण पुसली, एखाद्याला अधिकार दिले, काढून घेतले, सगळं नाव आणि वेळेसकट. ग्रंथालयात देवघेवीचं रजिस्टर असतं तसं. फरक एवढाच, की हे रजिस्टर नव्वद दिवसांपूर्वीची पानं स्वतःच फाडत जातं. ती पानं पुढे लागतील असं वाटत असेल तर आधी सांगून ठेवावं लागतं, की या नोंदी अमुक ठिकाणी उतरवून ठेवत जा. या सांगून ठेवण्याला डायग्नोस्टिक सेटिंग म्हणतात. आमचे एक ग्राहक पॅथॉलॉजीचे डॉक्टर होते. त्यांना हे नाव इतकं आवडलं की काम न समजताच त्यांनी मान्यता दिली.

सेटिंग आहे की नाही हे दोन प्रकारे पाहता येतं. वेबसाइटवर जाऊन चार पडदे ओलांडायचे, किंवा काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची. त्या ओळीचा अर्थ असा, की या खात्याची सगळी सेटिंग्ज दाखव. उत्तर चौकटी कंसात येतं. आत सेटिंगचं नाव, ज्या खात्याची ती आहे त्याचा लांबलचक क्रमांक, नोंदी कुठे उतरतात ते ठिकाण, आणि खाली नोंदींचे प्रकार. कारभाराच्या, सुरक्षिततेच्या, इशाऱ्यांच्या. प्रत्येकासमोर चालू की बंद ते लिहिलेलं. सेटिंग मुळात नसेल तर नुसते दोन कंस येतात. यंत्र ओरडत नाही की लाल होत नाही. विचारलं, काही नव्हतं, काही नाही असं सांगितलं.

मला ती काळी खिडकी आवडायची. पुस्तकासारखी होती. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, डावीकडून उजवीकडे वाचत जायचं.

आता त्या दोन गमती. तिवस्याला एक खत-बियाण्यांचे व्यापारी आमचे ग्राहक होते. नोंदी ठेवायला त्यांचा विरोध होता. दुकानात सगळे घरचेच, मग पाळत कोणावर, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांची ग्राहकांची पूर्ण यादी नाहीशी झाली. आम्ही ती परत आणली आणि नोंद काढून त्यांना दाखवली.

"हे तं माझंच नाव हाये," ते म्हणाले. "माझ्या नावानं कोन घुसलं?"

"तुम्हीच. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी."

"चारले तं मी झोपतो हो."

"मग उठल्यावर केलं असेल."

त्यांनी वेळ पुन्हा एकदा वाचली. मग हळूच म्हणाले, "पोट्टे याच्यावरून मले वर्षभर चिडवतीन. हे मिटवता येत नाई का?" मी नाही म्हणालो. "मंग काय कामाचं हो तुमचं मशीन," असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

दुसरे रिद्धपूरचे एक बाबा. त्यांच्या मठातल्या पोथ्यांचे फोटो काढून साठवायचे होते. दंडवत झाले, जमिनीवर बसलो, आणि त्यांनी आधी स्वतःची वही दाखवली. पोथी कोणी सोडली, किती वेळ पाहिली, कोणी बांधून परत ठेवली, सगळं लिहिलेलं. माझ्या ग्रंथालयातल्या सगळ्या वर्षांत इतकं नेटकं रजिस्टर मी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुमच्या यंत्रात असं लिहितात का? मी म्हणालो, लिहितात, पण नव्वद दिवस राहतं.

"नव्वद दिवसांत तं आमची एक पोथी उतरवून होत नाई," ते म्हणाले.

मी तिथेच बसून त्यांच्या खात्यावर सेटिंग लावली आणि उत्तर वाचून दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी त्यांनी प्रत्येक ओळीचा अर्थ विचारला. खात्याच्या क्रमांकाचासुद्धा. तो काय वाचायचा, म्हणून मी ती ओळ सोडणार होतो. त्यांनी सोडू दिली नाही.

तायडे आमच्या अकोल्याच्या कार्यालयात होता. तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडचा. माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. बी.ए. करून त्याने संगणकाचे वर्ग लावले होते, बाकी सगळं काम करता करता शिकला. अमरावतीला मी आणि अकोल्याला तो मिळून एका शिक्षण संस्थेचं काम पाहत होतो. संस्थेची महाविद्यालयं दोन्ही शहरांत होती आणि आमच्याकडे तिची दोन खाती होती. एक मूळ, ज्यात परीक्षा विभागाचं सगळं साठवलेलं असे, आणि एक चाचणीचं, ज्यात आम्ही काही नवीन करायचं ते आधी करून बघत असू. दोन्हींची नावं सारखी, शेवटचा शब्द तेवढा वेगळा.

तायडेची एक पद्धत होती. काळ्या खिडकीत कुठलाही आदेश देण्याआधी तो यंत्राला विचारायचा, की तू आत्ता कोणत्या खात्यात उभा आहेस. आलेलं नाव आणि क्रमांकाची शेवटची चार अक्षरं तो मोठ्याने वाचायचा. फोनवर असलो तर मलाही वाचायला लावायचा. याला तो हजेरी म्हणत असे.

"सर, हजेरी घेतली का?"

"अरे, मला माहीत आहे मी कुठे आहे ते."

"तुमाले माईत हाये हो. मशीनले माईत हाये का ते इचारा."

मी चिडायचो. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्याला उभं करून पाढे म्हणायला लावावेत, तसं मला व्हायचं. तो फोनवर नसला की मी हजेरी घेत नसे.

एका जानेवारीत संस्थेने पत्राने विचारलं, की परीक्षा विभागाच्या खात्यावरच्या नोंदी कायम उतरवून ठेवल्या जातात का. मी त्या दिवशी सकाळपासून चाचणीच्या खात्यात काम करत होतो. त्यातच ओळ टाइप केली. सेटिंग दिसली, ठिकाण दिसलं, सगळे प्रकार चालू दिसले. उत्तर जसंच्या तसं मेलमध्ये चिकटवलं आणि वर लिहिलं, "होय. तपासून पाहिले आहे."

ती सेटिंग तायडेने चाचणीसाठी लावलेली होती. मूळ खात्यावर तशीच लावायचं काम माझ्याकडे होतं. ते झालं आहे असं मी धरून चाललो होतो. झालं नव्हतं.

जुलैत एका विद्यार्थिनीने फेरतपासणी मागितली, तेव्हा लक्षात आलं की मूळ खात्यातली तीन सत्रांच्या स्कॅन केलेल्या उत्तरपत्रिकांची साठवण नाही. कधी गेली, कोणालाच सांगता येईना. पुसण्याचे अधिकार पाच जणांना होते. त्यातल्या तायडेला फेब्रुवारीत परीक्षा विभागाच्या प्रमुखांनी फोनवर सांगितलं होतं, की चाचणीतलं जुनं काढून टाका. त्याने ते काढलं होतं. सगळ्यांना एकच वाटलं. चुकीच्या खात्यात शिरला असणार.

अमरावतीला संस्थेच्या कार्यालयात बैठक झाली. सचिव, दोन प्राचार्य, आमचे मालक, तायडे आणि मी.

"मले काई सांगायचं नाई," तायडे म्हणाला. "सर, नोंद काढा. माझं नाव निघालं तं इथंच राजीनामा लिहून देतो."

नव्वद दिवस उलटून गेले होते, पण नोंदी उतरवून ठेवलेल्या आहेत अशी माझी खात्री होती. मी सगळ्यांसमोर काळी खिडकी उघडली. या वेळी तायडे शेजारी असल्यामुळे हजेरी घेतली. मूळ खातं. ओळ टाइप केली.

दोन कंस आले.

मी पुन्हा टाइप केली. पुन्हा दोन कंस. सचिवांनी विचारलं, याचा अर्थ काय. मी म्हणालो, सेटिंग नाही. जानेवारीत तर होती ना, ते म्हणाले, आणि फाइलीतून माझ्या मेलची प्रत काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"सर, जानेवारीत सेटिंग होती की नव्हती?" सचिवांनी पुन्हा विचारलं.

मी म्हणालो, "माझ्या पत्रात तसं आहे."

हे वाक्य मी विचार न करता बोललो असं म्हणता येणार नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण त्यानंतर जे झालं ते त्या वाक्यावरून झालं. जानेवारीत सेटिंग होती, आता नाही, म्हणजे मधे कोणीतरी काढली. कोणी काढली याची नोंदही नव्वद दिवसांबरोबर गेली. अधिकार असलेल्या पाचांपैकी हे तंत्र आम्हा दोघांनाच येत होतं, आणि एकाचं पत्र टेबलावर होतं. सकाळी तायडेवर चूक केल्याचा संशय होता. दुपारपर्यंत तो लबाडी केल्याचा झाला. उत्तरपत्रिका चुकून पुसल्या आणि मग माग पुसला.

चाचणी खात्याच्या नोंदी शाबूत होत्या. फेब्रुवारीत त्याने तिथलं जुनं काढल्याचं त्यात व्यवस्थित दिसत होतं. त्याच दिवशी दुसरीकडे त्याने काही केलं नाही, हे त्यातून सिद्ध होत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही बसस्थानकावर उभे होतो. तो अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होता.

"सर, एक इचारू का? जानेवारीत हजेरी घेतली होती?"

मी मोबाइलवर तो मेल काढला. उत्तराच्या वरच्याच भागात खात्याचा क्रमांक होता, छत्तीस अक्षरांचा. शेवटची चार चाचणीच्या खात्याची होती. मी मोबाइल त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं आणि परत दिला.

"बाप्पा," तो म्हणाला. "तुमी कादंबरीचं पानन् पान वाचता अन् मशीनचं उत्तर अर्धंच वाचता काय हो." मग थोडा हसला. "सांगून द्या त्याहीले उद्या. होते असं."

मी हो म्हणालो. त्याची गाडी आली.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं नाही. त्या आठवड्यातही नाही. मला कोणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि बारा वर्षांत माझ्या कामात एकही चूक निघालेली नाही, असं मालक नव्या ग्राहकांना माझ्यासमोर सांगत असत. मला ते ऐकायची सवय झाली होती. चौकशीच्या टिपणासाठी मजकूर माझ्याकडून मागवला गेला. मी लिहिलं, "सदर नोंद उपलब्ध नाही." कोणामुळे उपलब्ध नाही हे त्या वाक्यात येत नाही. मराठी मला चांगली लिहिता येते.

तायडेला कोणी काढलं नाही. त्याचे सगळे अधिकार काढून घेतले आणि त्याला ग्राहकांच्या तक्रारी टिपून घ्यायला बसवलं. दोन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. जठारपेठेत एक गाळा घेऊन ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं केंद्र सुरू केलं. अकोल्याला गेलो की मी तिथे जात असे. तो खुर्ची पुसून द्यायचा, मुलांचे अर्ज भरता भरता बोलायचा. अर्ज पाठवायच्या आधी प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि जन्मतारीख मोठ्याने वाचायला लावायचा. माझ्याकडे त्याने कधी तक्रार केली नाही. एकदाच विषय काढला. अकोल्याच्या एका महाविद्यालयात संगणक विभागात जागा होती, मुलाखत चांगली झाली होती. मग त्यांनी संस्थेला फोन केला.

"त्याहीले सांगतलं का मानूस हुशार हाये, पन नोंदी मिटवते," तो म्हणाला. पडद्याकडेच बघत होता. "सर, उत्तरपत्रिकायचं जाऊ द्या. ते कोनं केलं, भगवान जाने. पन सेटिंग मी काढली नाई, इतकं तं तुमाले माईत हाये न? इतकाच एक कागद लिहून द्या. दोन ओळीचा."

"लिहितो," मी म्हणालो.

तोवर मी निवृत्त झालो होतो. भीती कशाचीच उरली नव्हती. तरी तो कागद मी सात महिने लिहीत होतो. मसुदे अजून माझ्याकडे आहेत. एकात दोन्ही खात्यांची नावं सारखी असल्याचं लांबलचक स्पष्टीकरण आहे. एकात कामाचा ताण आहे. एकात "अनवधानाने" हा शब्द खोडून "नजरचुकीने" केला आहे आणि पुन्हा "अनवधानाने" केला आहे. प्रत्येक मसुदा वाचताना मला वाटायचं, यात मी बरा दिसत नाही, आणि मी तो बाजूला ठेवायचो. तायडेने आठवण करून दिली नाही. शेवटी तो आठ दिवस दवाखान्यात होता, तेही मला कळलं नाही.

त्या मंगळवारी घरात लोक फार होते, बोलणं झालं नाही. पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो. मीनाताई शिक्षिका आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"सर, एक खरं सांगसान का?" त्या म्हणाल्या. "त्याहीनं ते मिटवलं होतं का?"

मी विचारलं, तुम्हाला त्याने काय सांगितलं होतं?

"मले म्हने, नाई. पन मले दुखू नये म्हनून म्हनत असतीन, असं वाटे. आमच्या शाळेतही आलं होतं कानावर. मी कधी इचारलं नाई परत. तुमाले तं सारं माईत असन."

खरं म्हणजे सारं मला माहीत नाही, आणि कोणालाच कळणार नाही. उत्तरपत्रिका कोणी पुसल्या, चुकून की मुद्दाम, त्याने की आणखी कोणी, हे सांगणारं पान फाटून गेलं आहे, आणि ते राखून ठेवायचं काम माझं होतं. हे मी त्यांना सांगितलं. बसस्थानकावरचंही सांगितलं. सेटिंग कोणी काढलीच नव्हती. ती तिथे कधी नव्हती, आणि आहे असं मी लिहून दिलं होतं.



"म्हनजे त्याहीले माईत होतं," त्या म्हणाल्या. "तुमची चूक हाये म्हनून."

"हो."

"अन् तरी तुमी आले का खुर्ची पुसून देत होते."

त्या उठल्या, आत गेल्या. शाळेची एक वही आणि पेन आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

"इथंच लिहा," त्या म्हणाल्या. "घरी नका नेऊ."

मी लिहिलं. जानेवारीत मी मूळ खात्याऐवजी चाचणीचं खातं तपासलं. मूळ खात्यावर सेटिंग लावणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं. श्री. देवीदास तायडे यांनी ती काढली, हा निष्कर्ष चूक आहे. माझ्या मेलमधला खात्याचा क्रमांक वाचल्यास हे दिसून येईल. हे मला त्याच वर्षीच्या जुलैपासून माहीत होतं. खाली सही केली. पाच वाक्यं झाली, दहा मिनिटं लागली. मीनाताईंनी कागद वाचला, घडी घातली नाही, तसाच परत दिला.

तो मी दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिला. सचिव आता दुसरे आहेत. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "हे आता कशाला?" मी म्हणालो, फाइलीला लावा. त्यांनी पोच दिली. तिची प्रत मी अकोल्याला मीनाताईंना पाठवली. जठारपेठेतला गाळा बंद आहे.

संस्थेने चौकशीचा निष्कर्ष बदललेला नाही. फाइल बंद झाली आहे, ती उघडायची तर नवी समिती नेमावी लागेल, असं त्यांनी कळवलं. माझं पत्र मात्र फाइलीला लावलेलं आहे. ते मी जाऊन पाहून आलो. पान क्रमांक एकेचाळीस.